फोटोतल्यासारखी

आमच्या घरात 'उजळ' हा शब्द दिव्यापेक्षा माणसांसाठी जास्त वापरला जायचा. "त्या लोधिवलीच्या नवरीला उजळलं का?" असं आई चहाचा कप ठेवता ठेवता विचारायची, आणि "एकदा उजळलंय, तिची आय म्हंती अजून एकदा," असं बाबा चष्म्यावरून बघत सांगायचे. बाबांचा कर्जतच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. तिथे पासपोर्टचे फोटो, बाळांचे फोटो आणि गप्पा एवढंच व्हायचं. खरं काम, म्हणजे लग्नांचे अल्बम लावणं, घरी पळसदरीला पडवीत चालायचं, पनवेलहून वापरलेला म्हणून आणलेल्या एका जाडजूड लॅपटॉपवर. त्यातल्या एका बटणाला बाबांनी एकच काम नेमून दिलं होतं. एफ फाइव्ह दाबलं की फोटोतला माणूस एक पायरी गोरा व्हायचा. एकदा दाबलं की साधं उजळ, दोनदा दाबलं की लग्नाचं उजळ. वऱ्हाडातल्या मामा-काकांना साधं पुरायचं. नवरीला लग्नाचं. नवऱ्याला किती, ते त्याची आई किती मागे लागते त्यावर ठरायचं.

पडवीत एका टोकाला बाबा आणि त्यांचं टेबल, दुसऱ्या टोकाला आई आणि तिचं परातभर काहीतरी. बहुतेक वेळा मोड आलेले वाल. ती वाल सोलायला बसली की दाणा सालातून सुटून पातेल्यात पडल्याचा बारीक आवाज येत राहायचा, आणि मध्येच एखादा दाणा तिच्या बोटांतून उडून थेट बाबांच्या टेबलाखाली जायचा. घाटाकडे तोंड करून निघालेली मालगाडी गेली की मागून ढकलणाऱ्या इंजिनांची धाप आधी भांड्यांना जाणवायची, मग आम्हाला. पाहुणे त्या आवाजानं दचकायचे. आम्ही फक्त बोलणं थांबवायचो आणि गाडी गेली की अर्ध्यावर सोडलेलं वाक्य पुरं करायचो. अजूनही मी कुठे शहरात कुणाकडे जेवायला बसले तर बोलता बोलता उगीचच थांबते, आणि माझा नवरा म्हणतो, "गेली का गाडी?"

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, माझ्याहून मोठी सुनंदाताई आणि मी, शुभांगी. मी खोपोलीच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते आणि जगातली कुठलीही वस्तू चार स्क्रू काढले की कळते अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत पुढे फारशी बदलली नाही. त्यावरच माझं दुकान चालतं. ताई कर्जतला औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं अक्षर तिला लागायचं, आणि कुठलं औषध कुठल्या खणात आहे हे मालकापेक्षा तिला जास्त ठाऊक असायचं. ताईचा रंग काळा. सावळा, गव्हाळ, निमगोरा असले शब्द मी इथे वापरणार नाही, कारण तेही एक प्रकारचं एफ फाइव्हच. ताई स्वच्छ काळी होती आणि आहे. उंच, रुंद कपाळाची, लहानपणी आंब्यावरून पडल्याची डाव्या भुवईत खूण, आणि हसली की गिऱ्हाईक सुटे पैसे मोजायचे विसरेल असं हसू. मला ती फार देखणी वाटायची. मी तिला तसं सांगायचे, आणि ती म्हणायची, "तू बघायला आली असतीस तर बरं झालं असतं."

बघायला येणारे येऊन जात होते, ही खरी अडचण होती. बाबांनी ताईचा फोटो काढला होता, निळ्या साडीतला, आमच्याच अंगणात. घरचीच नवरी, म्हणून त्यावर लग्नाचं उजळ झालं होतं. कल्याणच्या लॅबमधून तो छापून आला आणि माहितीच्या कागदासोबत पाकिटात घालून नातेवाइकांकडे वाटला गेला. छापलेल्या फोटोत ताईची भुवईची खूण गेली होती, नाकाची कड गेली होती, आणि चेहरा कसा तर साडीवर ठेवलेल्या पेढ्यासारखा. बाबा म्हणायचे, "लॅबवाल्यानं जरा जास्त मारलंय, पण काय बिघडत नाय." मग फोटो आवडून लोक यायचे. कांदेपोहे आमच्याकडे होत नसत. आई घावनं करायची, तांदळाची, जाळीदार, सोबत नारळाचा गोड रस. बिडाच्या तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज आतून येत असायचा, बाहेर ताई मान वर करून बसलेली असायची, आणि येणाऱ्यांपैकी कुणीतरी, बहुतेक मुलाची आत्या किंवा मोठी भावजय, घावनाचा तुकडा रसात बुडवत म्हणायची, "फोटोत येगळी दिसते."

बस, एवढंच. कुणी वाईट बोललं नाही. घावनं सगळ्यांनी पोटभर खाल्ली, एकांनी तर कृती विचारून घेतली. पण ते वाक्य प्रत्येकानं म्हटलं, आणि त्यानंतर कळवतो म्हणून गेलेल्यांनी कळवलं नाही. प्रत्येक वेळी लोक गेल्यावर ताई साडी बदलून भांडी घासायला बसायची आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा असायचा. शेवटचे पाहुणे गेले त्या दिवशी तिनं तवा पालथा घातला आणि सांगितलं, "आता मी कुणापुढं बसनार नाय. लोकं फोटो बघायला येतात आनि मी निघते." आईनं तिची बाजू घेतली, पण आईच्या पद्धतीनं. ती म्हणाली, "मी पन आता घावनं करनार नाय. आधी होकार, मग घावन. तोवर चा प्या आनि जा." बाबांना मनापासून वाटत होतं की फोटो चांगला आहे आणि लोकच नीट बघत नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लॅपटॉप फुटला. बाबांना सुपारीचा नाद. काम करता करता अडकित्ता हातात असायचा आणि विचार करायला थांबले की तो कीबोर्डवर टेकवायचे. एका दुपारी स्टुडिओतून निरोप आला, बाबांनी घाईनं झाकण मिटलं, अडकित्ता आतच. काचेचा तो आवाज वाल सोलण्याच्या आवाजापेक्षा फार मोठा नव्हता. उघडून बघितलं तर पडद्यावर एका कोपऱ्यातून काळी शाई पसरल्यासारखं झालं होतं आणि लोधिवलीच्या नवरीचे फक्त पाय दिसत होते. ऐन लग्नसराई, तिचा अल्बम निम्मा राहिलेला, पुढची लग्नं रांगेत. त्यातच आईच्या भावाचा, म्हणजे मामाचा, फोन आला. शेलूला एक चांगलं घर आहे, मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे, माणसं साधी आहेत, रविवारपर्यंत सुनीचा फोटो पाठवा. ताईनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिथूनच सांगितलं, "तो फोटो जानार नाय." बाबा म्हणाले, "मग दुसरा काढू." ताई म्हणाली, "दुसरा पन तसाच येनार." आणि लॅपटॉप बंद पडलेला असल्यानं ते भांडण तिथेच टांगून राहिलं.

मी मात्र खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही. चार स्क्रू काढायची संधी आयती आली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर लॅपटॉप घेऊन मी खोपोलीला दत्ताच्या दुकानात गेले. दत्ता मोडके लॅपटॉप विकत घ्यायचा आणि त्यांचे अवयव विकायचा. आमच्या मशीनचा पडदा त्याच्याकडे नव्हता, मागवला तर पंधरवडा जाणार होता. मी त्याच्या मागच्या फळीवर बघत होते. तिथे दुसऱ्या कुठल्यातरी महागड्या कंपनीच्या मशीनचं धड पडलं होतं, पाणी सांडून मेलेलं, पण पडदा शाबूत. दत्तानं तो एकदा लावून दाखवला तेव्हा मी बाजूला सरकून बघितलं, वरून बघितलं, अगदी कडेनं बघितलं. रंग हलले नाहीत. आमच्या पडद्याकडे कडेनं बघितलं की माणसाचे दात काळे आणि केस पांढरे व्हायचे. मी म्हटलं, हाच दे.

"हा जुळायचा नाय, ताई," दत्ता म्हणाला. "कंपनी येगळी. ह्याला बाजूला कान हायेत, तुमच्या झाकनात कानाला जागाच नाय. वायरची पट्टी तुमची डावीकडून येते, ह्याला पायजे उजवीकडून. आनि जाड पन हाय. झाकन लागनार नाय."

"पट्टी त्याच मशीनची देशील का?"

"देतो की. पन करंट उलटा गेला तर पडदा जाईल आनि मशीन पन. मग बोलायचं नाय."

मी त्याच्याकडून मीटर मागून घेतलं आणि त्याच्या काउंटरवरच बसले. दोन्हीकडच्या पट्टीचं टोक सारखं होतं, तेवढ्याच पिना, आणि कुठल्या पिनेवर किती व्होल्ट हे एकेक तपासत गेले. दत्ता मध्ये मध्ये येऊन बघायचा आणि मान हलवायचा. सगळं तपासून झाल्यावर मी त्याला सांगितलं की जुळतं, फक्त बसत नाही, आणि बसवायचं काम माझं. आज माझ्याकडे कॉलेजातली मुलं येतात आणि विचारतात, मॅडम, कंपनीनं नाही सांगितलंय तर कसं लावायचं? मी त्यांना हेच सांगते. विजेला कंपनीचं नाव वाचता येत नाही. प्लास्टिकला येतं. आणि प्लास्टिक कापता येतं.

शनिवारी सकाळी बाबा स्टुडिओत गेल्यावर मी पडवीत सतरंजी टाकली आणि झाकण सोलून काढलं. आई परात घेऊन समोर बसली. आतली प्लास्टिकची खुंटं आड येत होती, ती मी गरम केलेल्या सुरीनं एकेक उडवली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. नव्या पडद्याचे कान धातूचे होते, ते बाबांच्या पकडीनं आत दुमडले. पट्टी उजवीकडून येत होती, तिला वळसा घालून मधून आणावी लागली. सगळं झाल्यावर पडदा झाकणात राहिला खरा, पण हलवला की आत खुळखुळायचा. मी इकडेतिकडे बघत होते तेव्हा आईनं न विचारता उठून कुकरची जुनी रिंग आणून दिली. "फुसफुसते म्हनून काडून ठेवलीय. कापून घाल चारी बाजूनं." कुकरच्या रिंगचे तुकडे करून मी पडद्याच्या कडेनं दाबून बसवले आणि पडदा गप्प झाला. झाकण मात्र दत्ता म्हणाला तसं शेवटपर्यंत पूर्ण मिटलं नाही. बोटभर फट कायम राहिली. एका अर्थी बरंच झालं, त्यानंतर अडकित्ता आत राहिला तरी काही होणार नव्हतं.

चालू केला तेव्हा पडदा काळाच. आईचा हात परातीत थांबला. मी जरा विचार केला आणि उजेड कमी करायचं बटण दाबलं. पडदा उजळला. अजून कमी केलं, अजून उजळला. त्या पडद्याचं आणि आमच्या मशीनचं उजेडाच्या बाबतीत उलटं गणित होतं. वाढव म्हटलं की विझायचा, कमी म्हटलं की लख्ख व्हायचा. ते तसंच राहिलं. पुढे किती वर्षं बाबा नव्या माणसाला लॅपटॉप देताना बजावायचे, "उजेड पायजे तर कमी कर." तो माणूस गोंधळून आमच्याकडे बघायचा.

बाबा दुपारी जेवायला आले. आईनं बोंबलाचं कालवण केलं होतं, पण ताटावर बसायच्या आधी ते टेबलाशी गेले. पडदा बघून त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी लोधिवलीच्या नवरीचा अल्बम उघडला आणि चेहरा उतरला. मी त्यांच्या मागे उभी होते. नवरी, तिची आई, करवल्या, सगळ्या पिठाच्या डब्यातून बाहेर काढल्यासारख्या. मळवटाचं कुंकू गुलाबी, हळदीच्या फोटोत हळद दिसेचना. ओठ आणि डोळे तेवढे चेहऱ्यावर उरले होते. त्यांनी दुसरं लग्न उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्या कर्जत तालुक्यात एकही काळं माणूस लग्नाला गेलं नव्हतं.

"तुझा पडदा खोटा हाय," बाबा म्हणाले. "बसत नसताना बसवलास. भलतंच दावतोय."

मला राग आला. मी सांगायला लागले की खोटा हा नाही, जुना होता. तो मुळातच मळका, त्यात सगळेच काळवंडलेले दिसायचे, मग तुम्ही त्यांना उजळत उजळत त्या पडद्यावर खऱ्या रंगापर्यंत आणायचात आणि कागदावर ते पांढरे पडायचे. कल्याणचा लॅबवाला बिचारा काहीच करत नव्हता. बाबा ऐकायला तयार नव्हते. ज्या नजरेवर त्यांनी आयुष्यभर पोट भरलं ती नजर चुकली असं त्यांची पोरगी सांगत होती. मी अजून बोलणार होते, पण आई मध्ये आली. तिच्या हातात मिसळणाचा डबा होता, हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग, मेथी, सगळ्या वाट्या भरलेला. तो तिनं टेबलावर ठेवला.

"ह्याचा फोटो काडा," ती म्हणाली. "माझ्या डब्याचा रंग मला ठावं हाय. तुमच्या नवऱ्या मला ठावं नायत."

बाबांनी पडवीच्या उजेडात डब्याचा फोटो काढला आणि जसाच्या तसा पडद्यावर आणला. आईनं डबा उचलून पडद्याच्या बाजूला धरला. हळद हळदीसारखी होती, तिखट तिखटासारखं. मोहरीचा दाणा दाणा काळा. मग ती म्हणाली, "आता तुमचं ते उजळ करा." बाबांनी एफ फाइव्ह दाबलं. हळद बेसनासारखी झाली. पुन्हा दाबलं. हळद तांदळाच्या पिठीजवळ आली, तिखट गाजरासारखं दिसायला लागलं, आणि मोहरी राखेची झाली. आईनं वाकून नीट बघितलं.

"ही हळद मी घेतली नसती," ती म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

बाबा जेवले नाहीत. त्यांनी ताईचा निळ्या साडीतला फोटो उघडला. कॅमेऱ्यातून आलेला, काही न केलेला. तो त्यांनी आजवर त्या मळक्या पडद्यावरच बघितला होता. आता तो समोर आला. ताई होती ती. भुवईतली खूण, कपाळावर आलेला उन्हाचा एक पट्टा, गळ्याजवळचा तीळ, साडीच्या निळ्यावर तिचा तो काळा रंग, त्यात गालावर आंब्याच्या पानांची सावली. ती कॅमेऱ्याकडे नाही, फोटो काढणाऱ्या बापाकडे बघून हसत होती. इतकं सगळं त्या फोटोत असूनही ते आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. शेजारी बाबांनी उजळलेला फोटो उघडला. पेढा. त्यांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"मी हिला पुशीत होतो गं," ते म्हणाले. "एवढे दिस माझ्याच पोरीला पुशीत होतो." आणि ते रडले. बाबांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

ताई संध्याकाळी कामावरून आली, पायातली चप्पलसुद्धा न काढता टेबलाशी आली, कारण आईनं तिला दारातच काहीतरी सांगितलं असावं. तिनं फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग ती आमच्याकडे वळून अगदी औषधाच्या दुकानातल्या आवाजात म्हणाली, "हा द्या. हाच. त्यांना चालला तर मी बसेन. नाय चालला तर त्यांची मर्जी, मी तरी कुनापुढं खोटी निघनार नाय."

बाबांनी तो त्याच रात्री स्टुडिओतल्या पासपोर्ट फोटोंच्या प्रिंटरवर छापला. मामा रविवारी फोटो न्यायला आले आणि पाकीट उघडून बघितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "असा फोटो देतात का, भावजी? जरा तरी उजळायचा." बाबा म्हणाले, "बटन बिघडलंय." ते बिघडलेलं नव्हतं, पण त्या दिवसापासून त्यांनी ते वापरलं नाही. लोधिवलीच्या नवरीचा अल्बमही तसाच गेला, तिच्या खऱ्या रंगात. तिची आई तक्रार घेऊन स्टुडिओत आली. नवरी मात्र तिच्या मागून आली आणि पान उलटत म्हणाली की आजीच्या हातावरचं गोंदण पहिल्यांदा फोटोत दिसतंय. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. बाबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. ते म्हणायचे, जाऊ दे, त्यांच्याकडचा पडदा मळका असंल.

शेलूची माणसं येतात की नाही, हे मात्र आम्हाला कळत नव्हतं. ताई रोज कामावर जात होती आणि येताना बाबांची सुपारी न विसरता आणत होती, पण घरात फोन वाजला की पहिली तिचीच मान वर व्हायची. मग एका सकाळी मामांनी मुलाचा फोटो पाठवला आणि कळवलं की येताहेत. आई तांदळाचं पीठ भिजवून बसली, पण तवा तिनं चढवला नाही. "आधी होकार," तिनं मला बजावलं. "तवर चा."

मुलगा नितीन, त्याची आई आणि आमचे मामा असे तिघं आले. नितीन अंगानं सडपातळ, जरा वाकून चालणारा, रंगानं आमच्या ताईच्या बरोबरीचा. त्याची आई ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. ताई समोर येऊन बसली, निळी साडीच नेसून, मान नेहमीसारखी वर. नितीनच्या आईनं तिच्याकडे बघितलं. मग पिशवीत हात घालून आमचा फोटो बाहेर काढला, हात लांब करून धरला, आणि एकदा फोटोकडे, एकदा ताईकडे असं ती बघत राहिली. घाटाची गाडी नेमकी तेव्हाच निघाली. भांडी वाजायला लागली. कुणी बोलू शकत नव्हतं आणि ती गाडी काही संपेना. मला ते जुनं वाक्य ऐकू यायला लागलं होतं. बाबा जमिनीकडे बघत होते.

गाडी गेली. नितीनच्या आईनं फोटो पिशवीत ठेवला.

"फोटोतल्यासारखीच हाय की," ती म्हणाली.

मी आयुष्यात पुष्कळ कौतुकं ऐकली आहेत, माझीही आणि दुसऱ्यांचीही. त्या एका वाक्याची सर कशालाच आली नाही. बाबांनी मान वर केली. मामा घाईघाईनं काहीतरी बोलायला लागले, पण तोवर ताई बोलली होती. बघायला आलेल्यांसमोर ती विचारल्याशिवाय कधी बोलत नसे. त्या दिवशी ती नितीनकडे सरळ बघून म्हणाली, "पन तुमी नाय तुमच्या फोटोतल्यासारखे."

मामांच्या हातातली बशी कलली. नितीननं आईकडे बघितलं, आई पिशवीच्या बंदाशी चाळा करायला लागली. "नेरळला काडला," ती पुटपुटली. "त्यानंच केला गोरा. आमी नाय सांगितलं त्याला."

"मंग?" नितीन म्हणाला. तो हसत होता, पण कान लाल झाले होते, निदान मला तसे वाटले. "नापसंत का?"

"फोटो नापसंत," ताई म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी खुंटीवरचा कॅमेरा काढला आणि नितीनला म्हणाले, "चला, भायेर उजेडात या." जावई होईल की नाही ते ठरायच्या आधीच त्याला त्यांनी अंगणात आंब्याखाली उभा केला, जिथे ताईला केलं होतं तिथेच. त्याला हसा म्हणाले नाहीत, पण ताई दारात उभी होती म्हणून तो आपणच हसला. मग सगळे टेबलाभोवती जमले. ते बोटभर उघडं राहणारं झाकण वर झालं, बाबांनी उजेड कमी करून पडदा लख्ख केला, आणि नितीन पडद्यावर आला. बाबांचं बोट सवयीनं त्या बटणाकडे गेलं, वरच थांबलं, आणि परत आलं. ताईनं पडद्याकडे बघितलं, मग शेजारी उभ्या माणसाकडे, त्याच्या आईनं बघितलं होतं तसंच, सावकाश, दोनदा.

"हां," ती म्हणाली. "आता जुळतं."

आई कधी आत गेली ते कुणालाच कळलं नाही. आतून तापलेल्या तव्यावर पीठ पडल्याचा आवाज आला.